मडगार्डाचा चौथा बोल्ट

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका दूधवाल्याच्या फटफटीचं मागचं मडगार्ड बसवायचं.

सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. बदनापूरला आमच्या घरापुढं लिंबाचं झाड आहे. त्याच्याखाली गाडी स्टँडवर उभी केली होती. जुनं मडगार्ड काढून भिंतीला टेकवलं होतं. तिनं भाकरी करून घेतल्या, हात धुतले, बांगड्या वर सरकवल्या आणि नेहमीसारखी चाकाशेजारी पोतं टाकून बसली. चारपैकी तीन बोल्ट आवळून झाले. चौथ्याला मी वरून विचारलं, "धरलं का?"

खालून ती म्हणाली, "धरलं."

मी पाना फिरवला, तर नटाबरोबर बोल्टच गरगर फिरला. खालून कोणी धरलं नसलं म्हणजे तसं होतं. मी परत विचारलं. ती परत म्हणाली, "धरलं." परत फिरला. तिसऱ्या वेळी खाली पाना पडल्याचा आवाज आला. तिनं तो उचलला, हात आत घातला आणि मी न विचारताच म्हणाली, "हां, धरलं आता."

मंग मी वाकून पाहिलं. इतक्या वर्षांत तिच्या शब्दावर मी कधी वाकून पाहिलं नव्हतं. पाना तिच्या बोटांत होता, पण बोल्टाच्या डोक्याला लागलाच नव्हता. खाली लोंबत होता.

मी म्हणालो, "खोटं कशाला बोलती? धरलं म्हणती आन धरीत न्हाई."

ती हाताकडं बघत राहिली. "धरलंच हुतं की," म्हणाली. मंग म्हणाली, "थांबा. पाणी पिऊन येते."

ती आत गेली. त्याच्यानंतर ती एक शब्द बोलली न्हाई. दुपार व्हायच्या आत गेली.

माझ्या बायकोचं नाव कौसाबाई. मी आयुष्यात तिला नावानं हाक मारली न्हाई, तिनं मला मारली न्हाई. नाव लिहायची ही पहिलीच वेळ आहे. त्या सकाळी मी तिला खोटी म्हणालो. तेवढ्यासाठी हे सगळं लिहितो आहे. बाकी जे आहे ते धंद्याचं आहे.

या दिवाळी अंकाच्या संपादकांच्या गाडीचं मडगार्ड मी दोन वेळा बदललेलं आहे. ते म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या कामाविषयी लिहा." मी म्हणालो, "माझी शाळा चौथीपर्यंत." ते म्हणाले, "लिहा तुम्ही, शुद्ध आम्ही करू." मला शक आहे की ते माझ्या सगळ्या 'न्हाई'चं 'नाही' करून टाकतील. करू नये. मी तसा बोलत न्हाई.

शक घ्यायची सवय मला धंद्यानं लावली. ती कशी, ते सांगतो.

मागचं मडगार्ड म्हणजे मागच्या चाकावरचा वाकवलेला पत्रा. चिखल अंगावर उडू नये म्हणून असतो. त्याच्यावर मागचा लाल दिवा आणि नंबराची पाटी. आमच्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात ती माती चाकाला चिकटली की सुटत न्हाई. चाक आणि मडगार्ड यांच्यामधी भरत जाते, दाबून बसते, आणि एक वेळ अशी येते की चाकच फिरत न्हाई. तीच माती आत ओली राहून पत्रा आतून खाते. वरून रंग चकाचक, आतून चाळणी. त्यात आमचे लोक मागं तिघं बसणार, दुधाच्या कॅना लटकवणार, बियाण्याची पोती टाकणार. मंग बोल्टाच्या भोकापासून पत्रा फाटतो.

बदलायचं काम अवघड न्हाई. सीट काढा, दिव्याची वायर सोडा, पाटी काढा, गंजलेल्या बोल्टांना घासलेट पाजा आणि चहा पिऊन या. तोवर ते मऊ होतात. नवीन मडगार्ड जालन्याहून आणायचं. कंपनीचं असलं तर बरं. लोकल असलं तर चारपैकी एक भोक हमखास जुळत न्हाई, ते गोल कानशीनं वाढवावं लागतं. चारी बोल्ट आधी नुसते अडकवायचे. एक आधी आवळून टाकला की बाकीचे तीन जागेवर येत न्हाईत. मंग एकेक करून आवळायचे. मागचे दोन एकटा माणूस आवळू शकतो. पुढचे दोन सीटच्या खाली खोल असतात. बोल्टाचं डोकं आतून, टायर आणि पत्रा यांच्यामधी, आणि नट वरून. दोन्हीकडं एका माणसाचे दोन हात पुरत न्हाईत. एकानं खालून डोकं धरायचं, दुसऱ्यानं वरून आवळायचं. तिथं दुसरा माणूस लागतो आणि त्याच्या शब्दावर काम चालतं, कारण त्याचा हात वरून दिसत न्हाई.

आता शकाचं. मी लई गिऱ्हाईकं पाहिली. इंजिनाला काही झालं तर माणूस खरं सांगतो. म्हणतो, तेल टाकायचं विसरलो, चूक झाली. मडगार्डाला काही झालं तर कोणी खरं सांगत न्हाई. "उभ्या गाडीला कोणीतरी ठोकलं." बदनापूरच्या स्टेशनावर लोक सकाळी गाड्या लावून रेल्वेनं जालन्याला न्हाईतर औरंगाबादला कामाला जायचे. तिथं उभ्या असलेल्या गाड्या लोक नुसते ठोकतच होते, असं माझ्या गिऱ्हाईकांवरून वाटावं. पत्रा मात्र खरं सांगतो. मागून मार बसला तर तो आत जातो, आतून बसला तर बाहेर फुगतो. दुसऱ्या गाडीचा रंग लागलेला असतो. कडेला काय अडकलंय ते दिसतं. मी आधी पत्रा बघायचो, मंग माणसाचं तोंड. दोन्ही जुळलं न्हाई की माझा शक सुरू.

आणि एक. त्या काळी बऱ्याच गाड्यांचा नंबर मागच्या पाटीवर पेंटर हातानं रंगवायचा. मडगार्ड बदललं की पाटी उतरली, पाटी उतरली की नंबर गेला. म्हणजे ज्याला नंबर बदलायचा, त्याला आधी मडगार्डवाला लागतो. एक्याऐंशी साली जालना जिल्हा झाला, त्याच सुमाराला मी जालन्यातल्या एका गॅरेजचं काम सोडून घरी लिंबाखाली बसलो. पुढं नंबराची नवी पद्धत आली, एकवीसचा आकडा आमच्या जिल्ह्याला आला. त्या वेळी जो तो म्हणायचा, "मिस्त्री, पाटी नवीन करायचीय." कोण खरा, कोण चोर, काय कळणार? मी चेसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, खोदलेला नंबर फडक्यानं पुसून वाचायचो, मनात ठेवायचो.

त्यातून एक वाईट काम माझ्या हातून झालं. ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत न्हाई.

एक गुरुजी आल्ते. बारीक अंगाचे, चष्मेवाले, बोलताना अडखळायचे. नुकतीच आमच्याकडच्या एका खेड्यात बदली होऊन आलेले. फटफटीचं मागचं मडगार्ड फाटलेलं आणि पाटीच न्हाई. म्हणाले, "पाटी वाटेत पडली. नवी बसवा, नंबर मी पेंटरला सांगतो." मी चेसीवरचा नंबर विचारला, तर त्यांना पाठ नव्हता. कागद विचारले, तर म्हणाले, "कागद सासऱ्यांकडं आहेत, कुंभार पिंपळगावला. गाडी त्यांनी दिली."

माझं डोकं फिरलं. अडखळत बोलतो, पाटी पडली म्हणतो, कागद न्हाईत. गाडी चालू होऊ नये म्हणून मी प्लग काढून खिशात घातला. शेजारची दोन माणसं बोलावली आणि म्हणालो, "कागद आल्याबिगर गाडी हलणार न्हाई. तुम्ही बी हलायचं न्हाई."

गुरुजी दिवसभर त्या लिंबाखालच्या दगडावर बसून होते. शाळा बुडाली. येणारा-जाणारा विचारायचा, "हे कोण?" आणि शेजारी सांगायचे, "गाडीचोर असंल." माझी बायको दोनदा पाणी घेऊन गेली. दुपारी भाकरी घेऊन गेली. मी आत येऊन रागावलो. ती म्हणाली, "चोर असला तरी जेवतो ना?"

सकाळच्या बसवाल्याकडं निरोप दिला होता, संध्याकाळच्या बसनं त्यांचा मेव्हणा कागद घेऊन आला. कागद बराबर होते. नंबर बराबर होता. सगळंच बराबर होतं. त्यांना भीतीनं न्हाई, लहानपणापासूनच अडखळायची सवय होती.

मी प्लग परत बसवला. गुरुजी म्हणाले, "एकदा नीट विचारायचं होतं, मिस्त्री." एवढंच, तेही अडखळत. पुढं चार वर्षं ते रोज आमच्या घरावरून गेले. तिला नमस्कार करायचे. माझ्याकडं बघायचे न्हाईत.

ती मला म्हणाली, "तुम्हाला पत्रा वाचता येतो, हे मान्य. माणूस पत्र्याचा नसतो."

तिचं आणि या कामाचं कसं जुळलं, तेही सांगतो. घरी बसलो तेव्हा गॅरेजातल्यासारखे हाताखाली कोणी नव्हते. पुढच्या बोल्टाचं डोकं मी कधी पायानं दाबायचो, कधी पाचर मारायचो. शिव्या द्यायचो. एक दिवस ती पीठ मळताना उठून आली. म्हणाली, "इकडं द्या तो पाना. एवढं काय त्यात?" तिचा हात बारीक. टायर आणि मडगार्डामधून सहज जायचा. पहिल्याच दिवशी तिनं डोकं असं धरलं की मी आवळत गेलो आणि बोल्ट तसूभर हलला न्हाई. पत्र्याला पीठ लागलं तेवढंच.

तेव्हापासून आमचं दोघांचं बोलणं ठरून गेलं. मी, "धरलं का?" ती, "धरलं." मी, "सोड." ती, "सोडलं." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमच्यात सगळ्यात जास्त वेळा बोललेला शब्द तोच असंल. बाकी आम्ही बोलणारे न्हाईच. दुसरं कोणी हाताखाली असलं आणि 'धरलं' म्हणालं, की मी वाकून बघायचो. लोक धरीत न्हाईत आणि धरलं म्हणतात. तिच्या वेळी न्हाई.

तिची बोटं डोळ्यावाणी होती. खाली न बघता ती सांगायची, "ह्यो दहाचा न्हाई, अकराचा पाना द्या." वायसर, म्हणजे नटाखालची चकती, उलटा बसला तर बोटानं कळायचं. एकदा तर तिच्या बोटांनी माझी अब्रू वाचवली.

एक जीपवाला आल्ता. जीपचं मागचं मडगार्ड कोपऱ्यात चेपलेलं. "जल्दी ठोकून द्या," म्हणाला. खाली उतरायला तयार न्हाई. मी वाकून पाहिलं, तर पत्र्याच्या घडीत काळसर केस अडकलेले आणि सुकलेलं रक्त. मी ते केस मुठीत घेतले. जीपवाला म्हणत होता, दगडाला लागली. दगडाला केस कुठून आले? मी म्हणालो, "हातोडा आत आहे, आणतो," आणि घरात जाऊन तिच्यापुढं मूठ उघडली. म्हणालो, "ह्यानं माणूस मारलाय. काय करू? शेजाऱ्यांना बोलावू का?"

तिनं केस घेतले. दोन बोटांत चोळले. नाकाशी नेले.

"लोकर हाय," म्हणाली. "मेंढी."

"कशावरून?"

"मी माहेरी घोंगड्याचं सूत काढलेलं हाय. माझ्या बोटाला कळत न्हाई का?"

मंग ती पदर खोचून बाहेर गेली आणि सरळ त्याला विचारलं, "काय रं भाऊ, मेंढरू मेलं का जगलं?"

जीपवाला गपगुमान खाली उतरला. म्हणाला, "मावशी, मेलं. धनगर मागं होता, त्याला दिसलं न्हाई. मी थांबलो न्हाई."

"मंग आधी त्याला सांगून ये. मडगार्ड कुठं पळून जायलंय?"

तो गेला आणि दुसऱ्या दिवशी मडगार्ड ठोकून घ्यायला आला. तिला म्हणाला, "सांगून आलो, मावशी. भरून दिलं." मी तो गेल्यावर म्हणालो, "कशावरून गेला असंल? वाटेत चहा पिऊन आला असंल."

ती म्हणाली, "तो म्हणाला ना."

"म्हणाला म्हणजे? तू बघितलं का?"

"म्हणाला म्हणजे म्हणाला. सगळंच वाकून बघायचं असतं का?"

मी तेव्हा हसलो होतो.

ती स्वतः खोटं बोलायची न्हाई, हे मला ठाऊक होतं. एका पावसाळ्यात माझ्या डब्यातले वायसर कमी व्हायला लागले. आज चार, उद्या सहा. मी शेजाऱ्यावर शक घेतला, गॅसवाल्यावर घेतला, डब्याला कुलूप लावलं. चार-पाच दिवस धुसफुसत होतो. एक दिवस दह्याच्या पातेल्यावरची जाळी उचलली, तर जाळीच्या काठाला चारी बाजूंनी माझे वायसर शिवलेले. माशी जाऊ नये, जाळी उडू नये म्हणून. मी ओरडलो, "हे काय?" ती म्हणाली, "मीच घेतले. इचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही सगळ्या गावाला इचारलं, मला न्हाई."

मडगार्ड बसवून झालं की एक शेवटचं काम राहतं. चाक हातानं फिरवून टायर कुठं घासत न्हाई ना ते बघायचं. पण रिकामी गाडी आणि बसलेली गाडी यात फरक. मागं वजन आलं की मडगार्ड खाली येतं, तेव्हा घासतं. म्हणून मागं माणूस बसवून चक्कर मारायची. माझा माणूस तीच. ती एका बाजूनं पाय सोडून बसायची, पदर गुंडाळून. रेल्वेचं फाटक ओलांडून, नदीच्या पुलापर्यंत, आणि वापस. वाटभर तिचा कान चाकाकडं. पुलावर मी विचारायचो, "घासतंय का?" ती म्हणायची, "न्हाई, बराबर हाय." कधी म्हणायची, "उजवीकडं थोडं लागतंय," आणि वापस येऊन बघितलं तर उजवीकडंच लागलेलं असायचं.

आमचं फिरणं म्हणजे एवढंच, आणि ते कायम दुसऱ्याच्या गाडीवर. स्वतःची गाडी मी कधी घेतली न्हाई. मला दुसऱ्यानं वापरलेल्या गाडीचा भरवसा वाटला न्हाई आणि नवी घ्यायची ऐपत न्हाई. ती एकदा पुलावर म्हणाली, "आज जरा पलीकडपस्तोर जाऊ." मी म्हणालो, "दुसऱ्याचं पेट्रोल हाय." ती पुढं कधी म्हणाली न्हाई. ते मला आता आठवतं.

आता त्या दूधवाल्याकडं येतो. त्याचं नाव सुखदेव. चाळिशीचा माणूस, आतल्या खेड्यातून रोज दोन कॅना बांधून बदनापूरला दूध घालायला यायचा. मडगार्ड बोल्टापासून फाटलेलं. म्हणाला, "काका, गाडी उभी होती, मागून कोणीतरी ठोकलं."

मी पत्रा पाहिला. मार आतून बाहेर होता. आत लोखंडी टोकाच्या खुणा, सरळ रेषेत, चार-पाच. मागून कोणी ठोकलं असतं तर असं होतच न्हाई. मी कौसाबाईला हळूच म्हणालो, "हा खोटं बोलायलाय."

"बोलू द्या. त्याचं त्याला. तुम्ही मडगार्ड बसवा."

"पण का बोलायलाय?"

"तुम्हाला लाजून बोलत असंल."

ती हसली होती. तो गाडी ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कामाला बसलो आणि पुढचं मी सुरुवातीला लिहिलंच आहे.

ती पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आली न्हाई. मी खाली बसून चौथ्या बोल्टाकडं बघत होतो. मनात राग. वाटलं, रुसून बसली. मी आवाजही दिला न्हाई. किती वेळ गेला सांगता येत न्हाई. मंग आत गेलो, तर ती माठाला पाठ टेकून बसलेली, तांब्या आडवा, पाणी सांडलेलं. तोंड एका बाजूला. माझ्याकडं बघत होती, पण बोलता येत न्हाई. शेजाऱ्याची जीप घेतली, जालन्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी बरंच केलं. दुपार व्हायच्या आत संपलं.

त्यांनी मला बाकड्यावर बसवून विचारलं, "सकाळपासून काही वेगळं जाणवलं होतं का, काका?"

मी बोल्टाचं सांगितलं. पाना पडला, ती 'धरलं' म्हणाली आणि धरलं नव्हतं, हे सगळं. मी काय म्हणालो, तेही.

त्या म्हणाल्या, "तेव्हा त्यांच्या बोटांना काही कळतच नसणार. हातात काय आहे, कुठं लागलंय. त्यांना खरंच वाटत असणार की धरलंय."

मी विचारलं, "तेव्हाच आणलं असतं तर?"

त्या म्हणाल्या, "तसं सांगता येत नाही, काका."

त्यांच्या न सांगण्यावर मला अजून शक आहे.

आयुष्यभर मी पत्र्यावर, पाटीवर, कागदावर, गिऱ्हाइकावर, गुरुजींवर शक घेतला. तिच्या बोटांनी मला लोकर ओळखून दिली, अकराचा पाना ओळखून दिला. ती बोटं चुकली तेव्हा माझ्या मनात एकच आलं, की ती खोटं बोलते. बोटांना काय झालं असंल, हा शक आला न्हाई. जो घ्यायचा होता तोच आला न्हाई.

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. लेक टेंभुर्णीला दिलेली, ती तोवर येऊन पोहोचली होती. तिरडी बांधायला जागा पाहिजे म्हणून पोरांनी सुखदेवची गाडी ढकलून भिंतीकडं लावली होती. सीट काढलेली, चौथा बोल्ट सैल, तशीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आत बायकांमधी होती. घरात चूल पेटणार नव्हती. मी बाहेर त्या दगडावर बसलो होतो, गुरुजींना बसवलं होतं त्याच. फाटकाकडून सुखदेव पायी येताना दिसला. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात कपबशांची पिशवी. मला वाटलं, चहाचं निमित्त आहे, गाडीसाठी आला.

त्यानं किटली आत लेकीकडं दिली आणि माझ्यापुढं येऊन उभा राहिला. गाडीकडं त्यानं बघितलंसुद्धा न्हाई.

मीच म्हणालो, "गाडी राहिली तुझी."

"गाडीचं जाऊ द्या, काका. दूध मी भावाच्या सायकलवर घातलं." मंग म्हणाला, "तुम्हाला एक सांगायचंय. कोणी ठोकलं न्हवतं. चिखलानं चाक आवळून बसलतं, दूध नासंल म्हणून घाईत मी पहार घालून चिखल काढला. तेव्हाच फाटलं."

"मला ठाऊक होतं."

"मंग बोलले न्हाई?"

"तिनं बोलू दिलं न्हाई. म्हणाली, तू लाजून बोलत असशील."

सुखदेवनं मान खाली घातली. मी उठलो. पोतं कालचंच तिथं पडलेलं होतं. पाना बी तिथंच.

"बस खाली," मी म्हणालो.

"आज कशाला, काका? लोक काय म्हणतील?"

"बस. टायरवरून हात आत घाल. पुढं डावीकडं बोल्टाचं डोकं हाताला लागंल. त्याच्यावर पाना बसव आणि हलू देऊ नको."

त्याचा हात जाड. मडगार्डाला घासत आत गेला. बराच वेळ तो चाचपडत होता. मी वरून नटाला पाना लावून उभा होतो.

"धरलं का?" मी विचारलं.

"धरलं," तो म्हणाला.

मी वाकून पाहिलं न्हाई. आवळत गेलो. बोल्ट फिरला न्हाई.